कोड लिहून घेतात, वाचायला कोणी देत नाही

काही वर्षांपूर्वी आमच्या सॉफ्टवेअर टीममधील एका जागेसाठी मी मुलाखती घेत होतो. एका उमेदवार बाईंना मी व्हाइटबोर्डवर लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकापुढे एक साखळीसारखी जोडलेली माहितीची यादी, उलटी करून दाखवायला सांगितले. त्यांनी तीन ओळी लिहिल्या, दोन पुसल्या, आणि मग मार्कर हातात धरून त्या बराच वेळ फळ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मी गप्प बसून होतो आणि माझा सहकारी वहीत काहीतरी टिपत होता. वीस मिनिटांत आम्ही नकाराचा निर्णय घेतला. त्याच आठवड्यात आमची सगळी टीम तीन दिवस एका बगच्या, म्हणजे कोडमधील चुकीच्या, मागे लागलेली होती: काही ग्राहकांची बिले एक दिवस आधीच्या तारखेने निघत होती, आणि अखेर सापडलेले कारण एवढेच होते, की तारीख एका ठिकाणी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवली जात होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती स्थानिक वेळ समजून वाचली जात होती. त्या तीन दिवसांत कोणालाही लिंक्ड लिस्ट उलटी करावी लागली नाही. दुसऱ्याने लिहिलेला कोड शांतपणे वाचणे, शंका घेणे आणि योग्य प्रश्न विचारणे हेच काम होते, आणि नेमके तेच आम्ही त्या बाईंकडून करून घेतले नव्हते.

डेव्हलपरचा बहुतेक दिवस आधीपासून असलेला कोड समजून घेण्यात जातो, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही मुलाखतीत आपण त्याला कोऱ्या फळ्यासमोर एकट्याने, घड्याळ लावून आणि चार डोळ्यांच्या पहाऱ्यात उभे करतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी प्रश्न परीक्षकासमोर बोलत बोलत सोडवला, तर काहींनी बंद खोलीत एकट्याने. कोणीतरी पाहत आहे एवढ्यानेच उमेदवारांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. परीक्षकासमोर बसलेल्या स्त्रियांपैकी एकीलाही प्रश्न सुटला नाही, आणि एकट्याने बसलेल्या सगळ्याजणींना तो सुटला. प्रयोग लहान होता हे मान्य करूनही, तो वाचल्यावर मला मार्कर धरून थांबलेला तो हात आठवला आणि बराच वेळ दुसरे काही सुचले नाही. आम्ही त्यांचे कौशल्य मोजले नव्हते, लोकांसमोर न घाबरण्याची क्षमता मोजली होती.

चूक खरे तर त्याच्याही आधी, जाहिरातीपासून सुरू होते. टीमला काय हवे आहे हे एचआर विभागाला कोणी नीट सांगत नाही, म्हणून जुन्या जाहिरातीतील तंत्रज्ञानांची यादी उचलली जाते आणि प्रत्येक नावापुढे वर्षांचा आकडा लावला जातो. फास्टएपीआय ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील तयार चौकट (फ्रेमवर्क) निर्माण करणाऱ्या सेबास्तियान रामिरेझ यांनी २०२० मध्ये सांगितले होते, की एका जाहिरातीत फास्टएपीआयचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागितला होता, आणि त्यांनी स्वतः ती चौकट तयार करून जेमतेम दीड वर्ष झाले होते. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला मात्र तिच्यात अशा जाहिराती वाचून, आपण पात्र नाही असे प्रामाणिकपणे समजून अर्जच न करणारे अनेकजण दिसतात. निवडीच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी अनुभवाच्या वर्षांना फारसे महत्त्व दिलेले नाही. श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ मधील प्रसिद्ध विश्लेषणात अनुभवाच्या वर्षांचा पुढील कामगिरीशी असलेला संबंध ०.१८ इतकाच आढळला होता (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या आकड्यांची फेरतपासणी केली, तेव्हा सर्वांत वर आली ती प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच निकषांवर विचारणारी, आधीपासून आखलेली मुलाखत. आखणी करण्याला पैसे लागत नाहीत, पूर्वतयारीचा वेळ लागतो, आणि बहुतेक ठिकाणी मुलाखत घेणारा उमेदवाराचा बायोडेटा दारातून आत येता येता वाचत असतो.

निवडीचा भाग म्हणून घरी करायला दिल्या जाणाऱ्या कामाबद्दलही माझे मत कडक आहे. ‘चार तासांचे’ म्हणून दिलेले काम खऱ्या अर्थाने दोन शनिवार-रविवार खाते, आणि ज्यांच्या घरी तान्हे मूल किंवा आजारी माणूस आहे ते निमूटपणे बाजूला होतात. असे काम द्यायचेच असेल तर त्याचे पैसे द्यावेत.

त्या बिलांच्या बगनंतर मी माझी पद्धत बदलली. आमच्याच जुन्या प्रणालीतील तोच बग असलेला सुमारे दीडशे ओळींचा कोड, गोपनीय भाग काढून, मी उमेदवाराच्या हाती देतो आणि सांगतो, की हा उद्यापासून तुम्हाला सांभाळायचा आहे, तर वाचा आणि जे खटकेल ते मला विचारा. एका मुलाने दहा-बारा मिनिटे काहीच न बोलता कोड वाचला, पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ ओढली आणि विचारले, “ही तारीख कुठल्या टाइमझोनमधली आहे, हे इथे कोणी ठरवलंय का?” आम्हाला तीन दिवस लागले होते तो हाच प्रश्न होता. त्याच्या बायोडेटात मोठे नाव एकही नव्हते, आणि आधीच्या पद्धतीत तो कदाचित पहिल्याच चाळणीत गळला असता.

सगळ्यांना हा बग सापडतोच असे नाही, आणि तो सापडलाच पाहिजे अशी अटही मी ठेवलेली नाही. प्रश्न कसे येतात ते मी ऐकतो आणि सर्वांसाठी एकच असलेल्या तक्त्यात नोंदवतो. कोड वाचण्यासाठी मी अर्धा तास देतो, आणि तेवढा वेळ खोलीबाहेर जाऊन बसतो.