उठण्यापूर्वी एक ओळ

एकाग्रतेविषयीचे बहुतेक सल्ले दार लावून बसू शकणाऱ्यांसाठी असतात. अमळनेरमध्ये करसल्लागाराचे काम करणाऱ्याला ते परवडत नाही. बिलांची पिशवी घेऊन आलेला दुकानदार ओट्यावरूनच ‘काय करी राहिनात भाऊ?’ असे विचारतो, आणि त्याला ‘नंतर या’ म्हटले तर तो पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कार्यालयाची पायरी चढतो. त्यामुळे व्यत्यय कसा टाळावा यापेक्षा त्यानंतर काम पुन्हा कुठून धरावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आलेला माणूस पाच मिनिटे बसला तर आपली पाचच मिनिटे गेली, असे आपण समजतो. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवले, की एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग आधीच्याच कामात रेंगाळतो, विशेषतः ते अर्धवट राहिले असेल तर, आणि त्याचा फटका पुढच्या कामाला बसतो. समोरच्या दुकानदाराशी बोलताना आपण नुसते ‘हो, हो’ म्हणत असतो, ते यामुळेच. पुढे थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासह २०१८ मध्ये त्यांनी यावर एक साधा उपाय मांडला: काम सोडताना आपण कुठवर आलो आणि परतल्यावर प्रथम काय करायचे, हे थोडक्यात लिहून ठेवावे.

हा उपाय माझ्या कामात चपखल बसतो. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर ‘टू-बी’ विवरण, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते आणि मासिक विवरणपत्राची मुदत २० तारखेला संपते. मधल्या दिवसांत प्रत्येक व्यापाऱ्याची खरेदीवही त्या विवरणाशी ताडून पाहायची असते. समजा, एखाद्या कृषी सेवा केंद्राची खतांची बिले जुळली आहेत, कीटकनाशकाच्या एका बिलात फरक निघतो आहे आणि नेमके त्याच वेळी कोणी दारात आले. अशा वेळी ‘खरेदी तपासणे’ असे लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी असते, कारण परतल्यावर सगळे पहिल्यापासून पाहावे लागते. ‘खते जुळली, कीटकनाशकाच्या शेवटच्या बिलात फरक, आधी क्रेडिट नोट उघडणे’ एवढे लिहिले असेल, तर हात सरळ त्या नोंदीकडे जातो. ही ओळ खुर्चीतून उठण्यापूर्वीच लिहावी. आलेला माणूस तेवढे थांबतो, फार तर वहीत डोकावतो.

मोबाइलचे दुखणे निराळे आहे. तो आतल्या खोलीत ठेवावा हे मलाही पटते, परंतु निम्मे व्यापारी बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवरच पाठवतात आणि विवरणपत्र भरताना ओटीपी जातो व्यापाऱ्याच्या फोनवर, म्हणजे त्याला फोन करून तो विचारणे आले. म्हणून ओटीपीची सर्व कामे मी एकाच बैठकीत उरकतो आणि फोटो दुपारी व संध्याकाळी, असे दोनदाच पाहतो. सुरुवातीला काहींनी कुरकुर केली. आता तेच विचारतात, ‘संध्याकाळच्या आत पाठवू का?’

खान्देशातला उन्हाळा मात्र वेळापत्रक स्वतःच ठरवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला, की दुपारी कूलरसमोर बसूनही आकडेमोड करवत नाही. त्यामुळे ताळमेळाचे काम पहाटेच संपवून दुपार बिले लावण्यासाठी आणि भेटीगाठींसाठी मोकळी ठेवणे सोयीचे पडते. २० तारखेला मात्र यातले काहीही चालत नाही. फोन, माणसे आणि पोर्टल यांची एकदमच गर्दी होते, त्यामुळे त्या दिवशी मी नवे ताळमेळ हाती घेतच नाही. फक्त तयार विवरणपत्रे भरतो.