खुडूक

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात कूलरच्या घरघरीपलीकडचे काही ऐकू येणे म्हणजे बातमीच. परवा कूलरच्या टाकीत पाणी सोडायला मागच्या अंगणात गेलो, तळव्यांना चटके बसत होते, आणि कुंपणापलीकडच्या पडवीतून घशातल्या घशात, तुटक, कोणावर तरी रागावल्यासारखा एक आवाज आला. शेजारच्या सूनबाईंनी ओट्यावरूनच खुलासा केला, "काकाजी, कोंबडी खुडूक बसली आहे. नऊ अंडे ठेवले." टाकी भरून वाहू लागली तरी मी तिथेच उभा होतो.

या शब्दावर आपण मराठी माणसांनी मोठा अन्याय केला आहे, असे माझे जुने मत आहे. कोपरा धरून बसणाऱ्या माणसाला आपण 'खुडूक कोंबडी' म्हणतो, जणू ती बिचारी आळसापोटी बसलेली असते. (पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसण्याच्या सवयीमुळे मला ही पदवी लहानपणीच मिळाली होती, तेव्हा या बाबतीत मला तटस्थ समजू नये.) प्रत्यक्षात तिच्या छातीची पिसे गळून खालची उघडी, ऊन कातडी अंड्यांना भिडते. आतला जीव कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटू नये म्हणून ती दिवसरात्र चोचीने एकेक अंडे फिरवत असते. दिवसातून एकदा ती उठते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. हे सलग २१ दिवस चालते. नागपुरात तर काम दुप्पट, कारण अंड्याला हवी असते साधारण ३७.५ अंश सेल्सिअसची ऊब, आणि आमच्याकडे पारा सहज ४५ च्या वर जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ वर गेला होता. अशा दुपारी कोंबडी अर्धवट उठून, पंख फाकवून, चोच उघडी टाकून धापा टाकत अंड्यांवर नुसती सावली धरते. त्या वेळी ती अंडी उबवत असते की निववत असते, हे ठरवणे कठीण आहे.

आमची आजी होळीनंतर कोंबडी बसवत नसे. नागपुरातल्या जुनी शुक्रवारी या वस्तीतल्या घराच्या मागच्या खोलीत, माठाच्या तिवईजवळच्या गारव्यात ती टोपले ठेवत असे. तळाशी ओलसर माती, वर तणस, आणि विजांच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून कडेला एक गंजका खिळा. दुसऱ्या कोंबडीने मध्येच अंडे घातले तर ओळखू यावे यासाठी प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ असे. अंडी नेहमी विषम संख्येत, आणि तीही संध्याकाळी, कोंबडीखाली एकेक करून सरकवायची. त्या वर्षी ती अकरा होती.

मी आठ वर्षांचा असेन. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मी एक पांढरे अंडे विकत आणले, त्यावर कोळशाने रेघ ओढली आणि आजी देवापुढे दिवा लावत असताना ते कोंबडीच्या पोटाखाली ढकलले. तिने माझ्या मनगटावर चोच मारली, पण अंडे ठेवून घेतले. विषम संख्येचे गणित मात्र माझ्या लक्षात आले नव्हते. आता अंडी बारा झाली होती, आणि आजी रोज मोजत असे.

सातव्या रात्री आजीने बॅटरी घेतली. मुठीच्या पोकळीत अंडे धरून खालून उजेड टाकला की आत तांबड्या शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसत असे आणि मधोमध एक काळा ठिपका. दोन अंडी रिकामी निघाली, ती तिने बाजूला काढली. मग माझे पांढरे अंडे हातात आले. ते दिव्याच्या काचेसारखे स्वच्छ उजळले. आत काही म्हणजे काहीच नव्हते. आजीने ते बराच वेळ पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही, आणि परत कोंबडीखाली ठेवले.

अठराव्या दिवशी पितळी गंजात कोमट पाणी आले. आजी एकेक अंडे अलगद पाण्यावर सोडत असे आणि पाणी निवळेपर्यंत आम्ही दोघे श्वास रोखून बसत असू. मग कोणी हात लावला नसताना अंडे आपोआप डोलत असे, एकदा डावीकडे, थोडे थांबून पुन्हा डावीकडे. आठ अंडी डोलली. एक गावराणी अंडे गप्प राहिले, ते आजीने परसात पुरले. पांढरेही गप्पच राहिले.

"त्याले बाप नाही, बाबू," आजी म्हणाली. दुकानाची अंडी जिथून येतात तिथे कोंबडाच नसतो, हे तिने एवढ्या चार शब्दांत उरकले आणि पांढरे अंडे पदराला पुसून पुन्हा कोंबडीखाली ठेवले. का, ते मी विचारले नाही.

विसाव्या दिवशी कवचाच्या आतून चिवचिव ऐकू आली. कोंबडीचा रागावलेला आवाज बदलला आणि ती हलक्या, लांबट सुरात आतल्यांना उत्तर देऊ लागली. दुसऱ्या दिवशी आठही पिल्ले बाहेर आली, प्रत्येकाच्या चोचीच्या टोकावर कवच फोडायचा तो इवलासा पांढरा दात. आतला बलक पोटात ओढून घेऊनच पिल्लू जन्माला येते, त्यामुळे दोन दिवस त्याला दाण्याची गरज नसते; कोंबडीही आणखी दिवसभर हलली नाही. नंतर मात्र ती उठली आणि आठ पिल्ले घेऊन मागे वळून न पाहता परसात गेली.

मी टोपल्यात हात घातला. फुटक्या कवचांच्या मध्ये ते पांढरे अंडे होते, पक्के गरम. ते मी बराच वेळ मुठीत धरून बसलो होतो, एवढे आठवते. पुढे त्याचे आजीने काय केले, ते आठवत नाही, आणि विचारायचेही राहून गेले.