पैशे मागूक लाज कसली?

आमच्या कुडाळच्या महाविद्यालयात करिअर मेळावा म्हटलं की व्यासपीठ, हारतुरे आणि मुंबईच्या पाहुण्यांचं भाषण ठरलेलं. मुलं मागच्या भिंतीला टेकून ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि एसटी चुकेल म्हणून निघून जातात. पाहुण्यांशी बोलायला कुणी पुढे होत नाही. कोकणातली मुलं बुजरी, असं म्हणून हात झटकणं मला मुळीच पटत नाही. हातात लिहिलेली संहिता नसताना रात्रभर दशावतार रंगवणाऱ्यांच्या गावांतली ही मुलं आहेत.

म्हणून यंदा आमच्या कलामंडळाने मांडणीच उलटी केली. टेबलांवर मुलं बसली, पुढ्यात आपापलं काम ठेवून, आणि पाहुणे फिरत राहिले. मुंबईत अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काम करणारा आमचा माजी विद्यार्थी होता. पॅकेजिंग डिझाइन करणाऱ्या एक ताई होत्या. सावंतवाडीच्या चितार आळीतले लाकडी खेळणी घडवणारे एक आजोबा आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे पिंगुळीचे एक चित्रकथी कलाकारही आले होते. शिवाय कोकम आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला घट्ट रस, विकणाऱ्या बचत गटाच्या बायकांना मी आग्रहाने बोलावलं होतं. त्यांचा इथे काय संबंध, असं सहकाऱ्यांनी विचारलं. पण ज्यांच्याकडे देण्याजोगं काम आहे ती माणसं मेळाव्यात नसतील, तर मुलांनी ओळखी वाढवायच्या कुणाशी?

तारकर्लीकडच्या एका मुलीने नटनट्यांची पेन्सिल चित्रं मांडली होती, फोनवरून बघून काढलेली. सफाई उत्तम. माजी विद्यार्थ्याने ती पाहिली आणि विचारलं, "समोर बघून काढलेलं काही आहे?" तिने संकोचत पिशवीतून वही काढली. पानापानावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढणारी माणसं, टाचा वाळूत रुतलेल्या, पाठी मागे झुकलेल्या. तो खुर्ची ओढून बसलाच. म्हणाला, "आमच्याकडे हेच बघतात. शरीर वजन कसं पेलतं, ते. पोर्टफोलिओत पहिलं पान ह्याचं लाव."

बोलता बोलता कळलं, हीच चित्रं तिने एका होमस्टेच्या भिंतीवर काढून दिली होती. मोबदला चहा-नाश्ता. पुढे मालकाने ती टी-शर्टांवर छापून पर्यटकांना विकली.

"तू काय बोललीस नाय?"

"माका पैशे मागूक लाज वाटता."

शेजारच्या टेबलावरचे आजोबा वळले. "काम करताना लाज वाटली काय? मगे मागताना कित्याक वाटता?"

पुढचा तासभर त्या एका टेबलाभोवतीच सगळे जमले. पॅकेजिंगवाल्या ताईंनी जे सांगितलं ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्राचा पहिला हक्क सहसा चित्रकाराचा असतो. पण कुणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर तो हक्क चित्र काढवून घेणाऱ्याकडे जातो. तेव्हा भिंतीसाठी काढतोय, कपड्यांवर छापायचं नाही, हे रंग कालवण्याआधी कागदावर यायला हवं. हक्क दुसऱ्याला लिहून दिला, तरी हे चित्र माझं आहे असं सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. मुलं भराभर लिहून घेत होती. भाषणाच्या वेळी ही वही-पेनं कधी बाहेर आलेली मी पाहिली नाहीत.

बचत गटाच्या अध्यक्ष काकी मघापासून ऐकत होत्या. त्यांना आगळाच्या बाटलीसाठी नवं लेबल हवं होतं. ताईंनी मुलांना बसवून दाखवलं: आधी निव्वळ प्रमाण, किंमत, तारखा, अन्न परवान्याचा एफएसएसएआय क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह यांच्या जागा सोडा, उरलेल्या जागेत चित्र. रापणवालीने चित्राचं अंगावर घेतलं. मालवणीत कविता करणारा वेंगुर्ल्याचा एकजण मजकूर लिहायला तयार झाला. संगणकावर मांडणी करणारा देवगडचा मुलगा होता. तिघं एकाच इमारतीत शिकतात आणि त्या दुपारपर्यंत एकमेकांना ओळखतही नव्हते! मला सगळ्यात जास्त आनंद याचा झाला.

पैशांची वाटणी कशी करायची यावर अडलं. संगणक स्वतःचा, म्हणून देवगडवाल्याला थोडं जास्त हवं होतं, पण बोलवेना. तेव्हा ती मुलगीच म्हणाली, "रापणीत जाळ्याचोपण वाटो असता." मग संगणकाचा एक वाटा वेगळा धरला.

दरपत्रक वहीच्याच पानावर झालं. काकींनी घासाघीस केली, तीही कसलेली. मुलीने दर उतरवला नाही. दोन चित्रांऐवजी एक देते म्हणाली. लेबलाच्या कडेला बारीक अक्षरात तिघांची नावं येतील, हेही लिहून घेतलं. काकींनी पिशवी उघडून निम्मे पैसे आगाऊ मोजून दिले.