उजवा कार्ब

जानेवारीतलं ग्वाल्हेरचं लश्कर. दहा वाजले तरी धुकं हटलं नव्हतं, छोटू माझ्या गॅरेजबाहेर पुठ्ठे जाळून हात शेकत होता. तेवढ्यात दोन पोरांनी ढकलत राजदूत ३५० मोटरसायकल आणली. मागून काका, कानांवर मफलर. "नऊ वर्षं उभी आहे. चालू करून दे, पण घाई करू नकोस."

आधी शेकोटी विझवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, म्हणून कार्बही, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारे कार्ब्युरेटरही, दोन. पुढे इंजिनाचं रबर, मागे एअरबॉक्सचं, म्हणजे हवेच्या फिल्टरच्या डब्याचं, मधे कार्ब अडकलेला. क्लॅम्प ढिले केले, पण थंडीनं रबर लाकडासारखं झालेलं. इथे नवशिका पेचकस घालून उचकटतो आणि कार्बची कड मोडून ठेवतो. मी उकळत्या पाण्यातली फडकी रबराला गुंडाळली. मग ओढायचं नाही, पिळायचं. चहा संपायच्या आत डावा हातात आला.

उजवा मात्र ढिम्म. चार फडकी झाली. टॉर्च मारून बघितलं तर रबराच्या कडेनं तपकिरी थर! कुणीतरी शेलॅक, म्हणजे लाखेचं चिकट वार्निश, लावून कार्ब चिकटवला होता. मी त्या मिस्त्रीचा उद्धार सुरू केला.

"मीच तो," काका म्हणाले. झाशीहून परतताना रबराला चीर गेली होती. चिरेतून बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, टू-स्ट्रोकचा पिस्टन तापून जाम होतो. त्यांचा दतियाजवळ झाला होता. इंजिन निवल्यावर तिथल्याच एका दुकानातून शेलॅक घेऊन त्यांनी चीर बुजवली आणि घर गाठलं. मग काय बोलणार? माझा आवाजच खाली आला.

बोल्ट खोलून कार्ब रबरासकट काढला. शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून छोटूला मेडिकलवर पिटाळलं. थेंब सोडायचे, थांबायचं, जरासं पिळायचं. काकांनी गजक आणली होती, ती संपली. चारच्या सुमाराला कार्ब सुटला. रबर गेलंच होतं. नवं मिळेपर्यंत गाडी उभीच.

काकांनी माझा स्टार पेचकस उचलला. "कार्बची खालची पेट्रोलची वाटी, बाऊल, मी उघडू?"

"त्यानं नको. हे स्क्रू जपानी, आपला पेचकस घसरतो आणि खाच खातो." पेटीतला जपानी काढून दिला.

शेवटचा स्क्रू निघाला, बाऊल खाली आला, आणि आतल्या कुजक्या पेट्रोलच्या वासानं छोटू नाक धरून धुक्यात पळाला.