नेग्रोनी सोपी होती, व्हर्मुथने वैताग आणला

घरी कॉकटेल करायची म्हटलं की सगळे आधी शेकर, जिगर (दारू मोजायचं छोटं माप), ग्लास यावरच बोलत बसतात. ते ऑनलाइन मागवलं की येतं, विषय संपला. जिन टॉनिक, ओल्ड मंक लिंबू पिळून, व्हिस्की सावर हे कोणालाही जमतं, आणि जिन तर आता गोव्यात बनलेली 'ग्रेटर दॅन' नावाची पण बरी असते, कॉकटेलला उगाच महागडी इम्पोर्टेड घ्यायची गरज नाही. पण मला नेग्रोनी करायची होती, कडवट चवीचं इटालियन कॉकटेल. ३० मिली जिन, ३० मिली कँपारी (इटलीची लाल, कडू दारू), ३० मिली स्वीट व्हर्मुथ, झालं. कँपारीचा भाव ऐकून पोटात गोळा आला तरी घेतली. अडलं ते व्हर्मुथवर.

आता गंमत बघा, व्हर्मुथ ही मुळात वाइनच. त्यात थोडं स्पिरिट घालून ती कडक करतात, आणि आपल्या दवण्याच्या कुळातली एक कडू वनस्पती आणि इतर मसाले मुरवतात. आणि मी राहतो नाशकात! २००० साली इथल्या सुला वायनरीची पहिली वाइन आली, आता देशभरातली माणसं गंगापूर धरणाकडे वाइन प्यायला येतात, आणि इथे मला वाइनचीच एक बाटली मिळेना. ज्या दुकानात नेहमी जातो तिथला माणूस दर वेळी "शुक्रवारी माल येतोय सर" म्हणायचा. शुक्रवारी गेलं की "गाडी आली पण त्यात नव्हतं". नंबर लिहून घेतला, फोन काही आला नाही. एकदा तर व्हर्मुथ म्हणून व्होडका काढून समोर ठेवली, वर "हीच चालते सगळ्यांना". मग सप्टेंबरअखेर छातीठोकपणे म्हणाला दोन तारखेला नक्की या. दोन ऑक्टोबर! ड्राय डे! दारूच्या दुकानदाराला गांधी जयंती लक्षात राहत नसेल तर काय बोलायचं.

मेव्हणा म्हणाला गोव्याहून आणतो. अजिबात नको म्हटलं. तिकडची बाटली इकडे परवानगीशिवाय आणणं गुन्हा आहे, एका बाटलीसाठी नाक्यावर कोण उभं राहणार.

शेवटी गंगापूर रोडच्या एका छोट्या दुकानात मीच आत वाकून बघितलं तर खालच्या फळीवर पोर्ट वाइनच्या मागे धूळ खात मार्टिनी रोस्सो, म्हणजे स्वीट व्हर्मुथच, उभी. मालकाला स्वतःला पत्ता नव्हता. त्यामुळे सांगतो, नाव विचारत बसू नका, मोबाइलवर बाटलीचा फोटो दाखवा आणि वाइनच्या फळीवर शोधायला लावा, व्हिस्की-रमच्या रांगेत ती सापडणार नाही. बाटली हातात आल्यावर जो आनंद झाला तो नेग्रोनी पिऊनसुद्धा झाला नाही खरं तर.

उघडल्यावर मात्र फ्रिजमध्येच ठेवायची, आणि महिना-दीड महिन्यात संपवायची, वाइन आहे ती, बाहेर ठेवली तर चव जाते. आमच्याकडे ती कोथिंबिरीच्या डब्याशेजारी असते, आईने एकदा सरबत समजून वास घेतला आणि परत कधी हात लावला नाही.

नेग्रोनी शेक करू नका, चमच्याने ढवळा. लिंबू किंवा कुठलाही ज्यूस असेल तर शेकर. बर्फ मोठा हवा, छोटे खडे लगेच विरघळून सगळं पाणचट करतात, मी स्टीलच्या वाटीत लावतो. वर संत्र्याची साल पिळायची, त्यासाठी नागपुरी संत्र्यांचा सीझन बेस्ट.

हां, परवान्याचं राहिलंच. घरी बाटल्या ठेवायच्या तर १००० रुपयांत आजन्म परवाना मिळतो, तो काढून टाका, नाहीतर दुकानात पाच रुपयांचा एक दिवसाचा घ्यायचा. आणि हार्ड लिकरला महाराष्ट्रात वय २५ पूर्ण लागतं, २१ फक्त बिअर-वाइनला.