तुम्ही विचारलंत म्हणून: उलथलेली शिळा जागेवर ठेवावी का?

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं बघून पुण्याला परतलेली मंडळी हमखास विचारतात, "एक शिळा उलथलेली होती. चौघांनी मिळून परत जागेवर ठेवली असती तर?"

नको. हेतू कितीही चांगला असला तरी नको.

जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या दफनांची. कडेनं मोठ्या शिळा, आत माती-गोट्यांची भर, त्याखाली मडकी, लोखंडी अवजारं. शिळा निघाली की खाली खळगा उरतो, आणि शिळा कुठे, किती खोल, कोणत्या बाजूला तोंड करून बसली होती ते तोच सांगतो. तुम्ही शिळा ढकलत आणलीत की खळग्याच्या कडा ढासळतात. वर तिचं तोंड तुम्ही अंदाजानंच ठरवणार. तिथल्या काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. त्यांच्या ओळी ठरावीक दिशांना रोखल्या आहेत का, यावर अभ्यास झालाय. शिळा थोडी जरी फिरली तरी तो हिशेब चुकतो.

शिळा नुकतीच हलली की जुनीच कललेली, हे ओळखता येतं. उघड्या बाजूवर दगडफूल धरतं (हो, मसाल्यातल्याच जातकुळीचं), गाडलेली बाजू मातकट असते. मातकट बाजू वर आणि दगडफूल खाली दिसलं तर प्रकार ताजा. नुसती कललेली असेल तर दर वेळी माणसावर आळ घेऊ नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि शिळांना हळूहळू कलवते.

याच भेगांमुळे वर्तुळात शेकोटी पेटवणं फार वाईट. आजचा कोळसा भेगांतून खाली उतरतो, आणि उद्या कुणी तिथला कोळसा वय काढणाऱ्या कार्बन-१४ चाचणीसाठी पाठवला तर तारीख भलतीच येते. शिवाय तापलेल्या दगडाचे पापुद्रे सुटतात ते वेगळंच.

वर्तुळाच्या मध्यावर खड्डा दिसला तर बहुधा गुप्तधनवाल्यांचं काम. तोही बुजवू नका, उकरलेली माती चाळू नका, खापर खिशात घालू नका. शिळेशेजारी मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा, एक फोटो दूरवरून, आजूबाजूच्या शिळा दिसतील असा. मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश टिपा आणि सगळं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला पाठवा. जागा केंद्र-संरक्षित नसेल तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाला. जेसीबी चालू असेल तर आधी तहसीलदार किंवा पोलीस, फोटो नंतर. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला आणि खाणकामाला बंदी आहे. स्मारकाची नासधूस केली तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कोकणातल्या कातळशिल्पांचं दुखणं निराळं. तिथे जांभा सच्छिद्र, त्यामुळे फोटोसाठी खडूनं गिरवलेली रेघ छिद्रांत बसते. ब्रशनं घासायला गेलात तर कोरीव कडाच झडते. पुढच्याला दिसते ती तुमची रेघ, मूळची नव्हे. उथळ रेघा उठून दिसायला तिरपा उजेड लागतो. सकाळी आठच्या आत जा, किंवा संध्याकाळी अंधारून आल्यावर बॅटरी जमिनीलगत आडवी धरा.