दिराच्या मेंदूज्वराचा खर्च आम्ही कसा निभावला

धाकट्या दिराचा ताप आणि डोकेदुखी हटेना. तो घरातल्यांची नावं चुकायला लागला तेव्हा आम्ही त्याला तालुक्यातल्या खासगी रुग्णालयात नेलं. आधी डिपॉझिट, मग एमआरआय, पाठीच्या कण्यातून सुईनं काढलेल्या पाण्याची तपासणी, आयसीयू. मेंदूज्वरात निदानासाठी थांबून चालत नाही. व्हायरस की बॅक्टेरिया हे कळेपर्यंत अ‍ॅसायक्लोविर (व्हायरसवरचं औषध) आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन (बॅक्टेरियावरचं औषध) दोन्ही शिरेतून सुरू होतात. त्यामुळे आजाराचं नाव कळायच्या आतच बिल फुगलेलं असतं.

पाण्यात प्रोटीन वाढलेलं, साखर घटलेली, म्हणून डॉक्टरांना टीबीचा संशय आला. बाहेरच्या लॅबची महागडी तपासणी लिहून दिली होती. तेवढ्यात एक सिस्टर म्हणाल्या, "ताई, हेच पाणी सरकारी दवाखान्यात सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूच्या जनुकीय तपासणीला द्या, तिथं पैसे लागत नाहीत." डॉक्टरांची चिठ्ठी आणि बर्फाच्या डब्यात ठेवलेली नळी घेऊन आमचे हे लगेच निघाले. टीबी निघाला, आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल हेही त्याच तपासणीत कळलं. मात्र सीबीनॅट निगेटिव्ह आली तरी मेंदूचा टीबी नाहीच असं धरत नाहीत, हे डॉक्टरांनी बजावलं होतं.

आयसीयू काही आम्हाला झेपणारं नव्हतं. मग धर्मादाय रुग्णालय गाठलं. तिथं 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. समाजसेवा विभागातल्या बाईंनी रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला. तलाठ्याचा अहवाल, सेतूतली रांग, सगळं सासऱ्यांनी केलं. आम्ही सवलतीत बसलो. पेशंट अ‍ॅडमिट होताच एकानं आयसीयूबाहेर थांबावं आणि दुसऱ्यानं दाखल्याच्या मागे लागावं, असं मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. रुग्णालयात महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र (रुग्णांना मदत करणारे कर्मचारी) असतील तर त्यांनाही त्याच दिवशी भेटावं.

टीबीच्या गोळ्या सरकारी केंद्रातून वर्षभर मोफत आहेत. निक्षय या सरकारच्या टीबी रुग्णांच्या ऑनलाइन नोंदणीत नाव गेल्यावर पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर 2024 आधी ते 500 होते. मेंदूची सूज उतरावी म्हणून दिलेलं स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद झालं. लिव्हरच्या तपासण्या आणि फिजिओथेरपी तेवढी अजून पदरमोड करून चालू आहे.